कुलपातला देव

१४ एप्रिल, आपल्या नव्या वर्षाचा दिवस
कोरिया, बंदरावरची खोली

पूज्य भंते हल्मिल्लगम धम्मरक्खित यांच्या चरणी धाकट्या दिलुकचा तीन वेळा नमस्कार.

अय्या असं लिहिणार होतो, थोरला अय्या आणि धाकटा मल्ली, घरच्यासारखं. पण अम्मा म्हणते, चीवर घातलेल्या थोरल्या भावाला अय्या म्हणून हाक मारली तर जीभ झडते. म्हणून नाही लिहिलं. आपली प्रकृती ठीक असेल, दानाचं जेवण वेळेवर येत असेल. एवढं आपण-आपण लिहून झालं, आता पुढे मला ते झेपणार नाही, मी तू म्हणतो. जवळ फोन बाळगायचा नाही हा तुझा नियम, मग पत्र माझ्या पद्धतीचंच वाचावं लागेल.

आज जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. सकाळी नव्या वर्षाचा नारळाच्या दुधातला भात केला. नारळाचं दूध डब्यातलं, तांदूळ इथला, डिंकासारखा. पासांग म्हणाला, "हा भात आहे की भिंतीला लावायचा आहे?" पासांग म्हणजे माझ्या खोलीतला, नेपाळकडचा तामांग, आपल्यासारखाच बुद्धाचा. मालकांनी अर्धा दिवस मोकळा दिला होता, म्हणून आम्ही दोघं डोंगरावरच्या विहारात गेलो. बुद्धाच्या मोठ्या मूर्तीपुढे मी पाच शीलं म्हटली, सगळं घरच्यासारखं वाटलं. मग पासांग म्हणाला, मागे चल, गंमत दाखवतो. मागे चढावर गोठ्याएवढं एक देऊळ. आत भिंतीवर पांढऱ्या दाढीचा म्हातारा रंगवलेला आणि त्याच्या मांडीला मांजरासारखा टेकून बसलेला वाघ. डोंगराचा देव म्हणे. भंते, हे बुद्धाच्या अंगणात. पुढे भाताची वाटी, मेणबत्त्या, आणि एक बाई कपाळ टेकून नमस्कारामागून नमस्कार घालतेय, पोराला नोकरी लागू दे म्हणून. मी तिथल्या तिथे ओरडलो, "अरे, हे तर आमच्या कतरगमच्या देवासारखंच झालं."

पासांग म्हणाला, "हळू बोल, वाघ उठेल."

मला एवढा आनंद का झाला ते तुला कळलं असेल. इतक्या लांब, जिथे आपलं एक अक्षर कुणाला वाचता येत नाही, तिथेसुद्धा पुढे बुद्ध आणि मागे देव सुखाने राहतात. मग आपल्या गावच्या विहारातल्या देवाला तू कुलूप का घातलंस?

अम्माने सगळं सांगितलंय. विहाराचे मोठे भिक्षू, आपले लोकु भंते वारले, विहार कित्येक महिने धन्याविना राहिला, आणि मार्चमध्ये त्यांचा शिष्य म्हणून तू जंगलातल्या आश्रमातून परत आलास. गावाने रस्त्यावर पांढरं कापड अंथरलं. आणि तू आल्या आल्या काय केलंस, तर बोधिवृक्षाशेजारचं कतरगम देवाचं देऊळ बंद. सोमपाल मामांनी जन्मभर तिथे पूजा केली, त्यांना म्हणालास, "मामा, विहार बुद्धाचा आहे, इथे दुसऱ्याचं काम नाही." मामा आता चहाच्या दुकानात बसून सांगतात, "देवाची नोकरी गेली, त्याच्याबरोबर माझीही गेली."

पण भंते, त्या कुलपाआड अम्माचं नाणं अडकलंय. फेब्रुवारीत आमची बोट धुक्यात भरकटली आणि माझा पत्ता लागेना, तेव्हा तिने हळदीच्या पाण्यात नाणं धुतलं, पांढऱ्या फडक्यात बांधलं आणि त्या देवापुढे ठेवून म्हणाली, पोरगा जिवंत दे, मी फळांचं ताट घेऊन येईन आणि नाणं सोडवीन. पोरगा जिवंत मिळाला. ताट घेऊन गेली तर दाराला कुलूप. मी म्हटलं, अम्मा, कतरगमच्या मोठ्या देवळात जाऊन फेड. तर म्हणते, "एका दुकानातून उधार घ्यायचं आणि दुसऱ्या दुकानात फेडायचं का?" न फेडलेला नवस देव वसूल करतो म्हणते. मला वसूल करेल अशी भीती आहे तिला. म्हणून तिने फोनवर मला शपथ घातली, नवस फिटेपर्यंत बोटीवर पाय ठेवायचा नाही. मी घेतली शपथ. सध्या किनाऱ्यावर, खायचं शेवाळ ज्यांच्यावर पिकवतात ती जाळी धुतो. हंगाम संपत आलाय म्हणून मालक गप्प आहेत. पण ऑक्टोबरात नवी जाळी समुद्रात लावायची असतात, तेव्हा बोटीवर न चढणारा माणूस त्यांच्या काय कामाचा? माझा करार बोटीचा आहे. परत पाठवतील, आणि इथून परत पाठवलेल्याला पुन्हा कुणी घेत नाही.

तेव्हा ऑक्टोबरच्या आत कुलूप काढ. एवढंच मागणं.

अम्मा विहारात येत नाही हे तू पाहिलंच असशील. तुझ्या दानाचं ताट शेजारच्या मल्लिकाअक्काच्या हाती पाठवते. "माझ्या पोटातून आलेल्याने मला शिकवावं, हात कुणाला जोडायचे ते?" असं म्हणते. आणि तुला तर बोलायला जागाच नाही. तू स्वतः त्याच देवाच्या नवसाचा. लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नाही म्हणून ती अनवाणी कतरगमला चालत गेली होती, सगळ्या गावाला ठाऊक आहे. देवाने दिलेलं पोर देवालाच कोंडून बसलंय.

उत्तर लिही. छोटं चालेल.

तुझा मल्ली,
दिलुक


२४ मे
बंदरावरची खोली

पूज्य भंते,

छोटं म्हटलं म्हणून इतकं छोटं? कार्डावर चार ओळी. पाठ झाल्यात. "देव असतीलही. ते जन्मतात आणि मरतात. जो स्वतः बुडतो आहे त्याने दुसऱ्याला काय ओढून काढायचं? तीन शरणं घेतली आहेस, चौथं कुठून आणलंस? अम्माला समजाव." आणि खाली पूर्ण नाव, गावासकट, जणू मी सरकारी माणूस आहे. कार्डावर तिकीट मात्र मोराचं होतं. मोर कतरगम देवाचंच वाहन ना, भंते? मी एकटाच हसत बसलो.

पण तुझ्या चार ओळींनी मला काम लावलं. मी आता दिसेल त्याला विचारतो, देव मानणाऱ्याला बुद्धाचा म्हणायचं की नाही. पासांग म्हणतो, "आधी जाळी धू, मग जगाचं कोडं सोडव." पण तोही कान देऊन ऐकतो.

आमचे मालक पाक म्हणून आहेत. चर्चमधले मोठे माणूस, रविवारी टाय लावतात. माणूस सरळ आहे, रागावले तरी जेवायला बोलावतात. परवा जाळी वळवता वळवता त्यांनीच काढलं.

"तुमचा बुद्ध म्हणजे देव ना?"

"नाही मालक."

"मग जग कुणी केलं?"

"आम्ही ते विचारत नाही."

"विचारत नाही? ज्या घरात राहतोस ते कुणी बांधलं, विचारणार नाहीस?"

मी म्हटलं, "मी भाड्याने राहतो मालक. भाडं वेळेवर द्यायचं, दारं नीट लावायची, वेळ झाली की निघायचं."

पासांग हसून जाळ्यातच पडला. मालकही हसले, पण सोडणारे नाहीत ते. म्हणाले, "मग त्या वाघवाल्या म्हाताऱ्याला हात जोडून आलास ते कशाला?"

"तो जग करणारा नाही. तो त्या डोंगराचा पाटील. हद्दीतून जाताना पाटलाला रामराम करतात तसं."

"म्हणजे," ते म्हणाले, "तुझ्याकडे छोटे देव पुष्कळ आणि मोठा एकही नाही."

याच्यावर मी पुढचं जाळं ओढलं.  तू असतास तर बोलला असतास. पण मग वाटलं, तू आणि मालक एकाच बाजूचे आहात. त्यांना एकच मोठा हवा, तुला एकही नको, आणि छोट्यांना तुम्ही दोघंही उंबऱ्यावर उभं करत नाही.

आपल्या वेसाकच्या पौर्णिमेच्या आठवडाभर आधी इथेही बुद्धाचा जन्मदिवस होता. विहारभर कागदाचे दिवे, लाल, पिवळे, आपल्या वेसाकच्या दिव्यांचे चुलत भाऊ. सगळ्यांना फुकट जेवण, भातावर भाज्या. मी भांडी घासायला बसलो, कारण बसून खाणं मला जमत नाही. तिथे एक आजी स्वयंपाक बघते. इथे विहारातल्या बायांना बोधिसत्त्व म्हणतात, खरंच, हाकच तशी मारतात. मी मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, "आजी, पुढे बुद्ध आहे, मग मागे म्हातारा कशाला?"

आजी म्हणाली, "बुद्ध मोठा माणूस. त्याला मोठं दुःख सांगायचं. माझा गुडघा दुखतो असं त्याला सांगितलं तर तो म्हणेल, गुडघ्याचा मोह सोड. म्हातारा म्हणतो, बरं, बघतो."

"आणि बघतो का?"

"कधीमधी. त्याचंही वय झालंय, त्याचाही दुखत असेल."

भंते, मला तिथेच तुला पत्र लिहावंसं वाटलं, साबणाच्या हाताने. तू लिहिलंस, देवही मरतात. तर ते या आजीला माहीत आहे. तरी ती त्याला भात ठेवते. मरणारा आहे म्हणून ठेवत असेल.

अम्माला मी काय समजावणार? तूच समजाव. ती पलीकडच्या गल्लीत राहते. मी समुद्रापलीकडे.

दिलुक


१९ जुलै

भंते,

तुझं दुसरं कार्ड येऊन पुष्कळ दिवस झाले. एकच ओळ. "तुला देवाने वाचवलं असं तुला वाटतं का? अम्माचं नको, तुझं सांग."

उत्तर द्यायला उशीर केला. पत्र लिहायला बसायचो आणि दुसऱ्याच गोष्टी लिहायचो. इथली मिरची, मालकांचा कुत्रा, पासांगचं लग्न ठरतंय ते. ती पानं फाडली. आता सांगतो, आणि हे अम्माला सांगू नकोस. नाहीतरी ती तुझ्याशी बोलत नाही, म्हणून तुझ्याकडे सुरक्षित आहे.

त्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा हवा चांगली होती. बोटीवर मालक, पासांग आणि मी. परत फिरलो आणि इंजिन बंद पडलं, वायरलेसही गेला, आणि मग धुकं असं उतरलं की बोटीच्या या टोकावरून पासांग दिसेना. लाटा मोठ्या नव्हत्या. थंडी मोठी होती. मालक गुडघ्यावर बसून त्यांच्या देवाशी बोलायला लागले, एकदम घरगुती आवाजात, भांडल्यासारखे. पासांग माळ ओढत मंत्र म्हणत होता. मी पण म्हणणार होतो. लोकु भंतेंनी शिकवलेली सूत्रं मला झोपेत येतात. पण तोंड उघडलं तर एक ओळ आठवेना. मग कतरगमच्या देवाला हाक मारावी म्हटलं, तर त्याचं तोंडच डोळ्यापुढे येईना, नुसता पडदा, देवळात त्याच्यापुढे असतो तो.

मग एक लाट आडवी आली, बोट कलली, मी घसरलो, अर्धा बाहेर. जॅकेट अंगात नव्हतं. कामात अडकतं म्हणून कुणीच घालत नाही. आणि तेव्हा माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, तो म्हणजे अय्या.

मी बुद्धाला हाक मारली नाही, देवालाही नाही. तुला मारली. पौर्णिमेच्या फुलांसाठी कमळं काढताना मी तळ्यात बुडालो होतो, आठवतं? तू केसाला धरून मला ओढून काढलंस आणि वर दोन थोबाडीत ठेवून दिल्यास. तेच आठवलं असणार. पासांगने माझा पाय धरला आणि आत घेतलं. दुसऱ्या दिवशी सरकारी बोटीला आम्ही सापडलो. मालक म्हणतात त्यांच्या देवाने वाचवलं, अम्मा म्हणते कतरगमने, पासांग म्हणतो, "पाय मी धरला, नाव मोठ्यांचं." मला विचारशील तर मला ठाऊक नाही कुणी वाचवलं. मी हाक कुणाला मारली एवढं ठाऊक आहे.

तू विचारलंस, चौथं शरण कुठून आणलंस. मी खूप विचार केला. तू भिक्षू, म्हणजे संघातला. तेव्हा मी तुला हाक मारली म्हणजे तिसऱ्या शरणातच गेलो असं धर. चौथं नाही मोजायचं. हिशेब बरोबर आहे ना?

आणखी एक. शपथ अम्माने घातली हे खरं, पण ती घातली तेव्हा मला बरं वाटलं. मी बोटीकडे बघतो आणि माझे पाय गार पडतात. मालकांना सांगतो आईची शपथ, पासांगला सांगतो पाठ दुखते. भीती माझी आहे. ती अम्माच्या नाण्याबरोबर त्या देवळात बांधून ठेवली आहे असं मला वाटतं. नाणं सुटलं की तीही सुटेल असं वाटतं. हे तुझ्या धम्मात बसतं की नाही मला माहीत नाही. पण वाटतं ते असंच.

आता तुझ्या डोक्यावर केस नाहीत. माझे आहेत, अजून धरून ओढता येतील.

दिलुक


८ सप्टेंबर

पूज्य भंते,

आज हे पत्र मोठ्या घाईत, पण मोठ्या खुशीत. मालक म्हणाले, पहिली जाळी ऑक्टोबरच्या मध्यावर, तेव्हा बोटीवर नसशील तर मी परत पाठवायचे कागद करतो. म्हणजे मला रडायला हवं. पण अम्माने फोनवर एक बातमी दिली आणि मी खोलीत नाचलो. पासांग म्हणाला, "लग्न माझं ठरलंय आणि नाचतोस तू."

लोकु भंतेंच्या वर्षश्राद्धाला विहारात सात दिवसांचं पिरित बसवतो आहेस म्हणे. आसपासचे भिक्षू येणार, आळीपाळीने सूत्रं म्हणत राहणार, सात दिवस आवाज तुटायचा नाही. उत्तम. लोकु भंतेंना आवडलं असतं.

आता माझा एक भाबडा प्रश्न. सातव्या दिवशी सकाळी देवदूत निघतो ना? डोक्यावर मुकुट, पुढे ढोल, हातात संघाचं आमंत्रण. देवळात जायचं आणि देवांना सांगायचं, आमच्याकडे बुद्धाचा धम्म चालू आहे, ऐकायला चला, पुण्याचा वाटा घ्या. मी लहान होतो तेव्हा तूच देवदूत झाला होतास. मुकुट मोठा होता, नाकावर घसरत होता, तरी तू हसला नाहीस. देवापुढे आमंत्रण तूच खणखणीत वाचलंस.

तर या वर्षी देवदूत कुणाच्या दारात जाऊन वाचणार? कुलपाला वाचून दाखवणार?

आणि दुसरं. रोज दान झाल्यावर तू शेवटी देवांना पुण्य देतोस. आकाशातल्या, जमिनीवरच्या, सगळ्यांना. अम्मा म्हणते, तू ते सोडलेलं नाहीस, मल्लिकाअक्काने ऐकलंय. म्हणजे रोज पान वाढतोस आणि पाहुण्याला खोलीत कोंडून ठेवतोस.

मी देवाला शरण जा म्हणत नाही. त्याला ऐकायला तरी येऊ दे. ज्याला तरायचंय त्यानेच तर ऐकायचं असतं ना? तू लिहिलंस तो आपल्यासारखाच बुडतो आहे. मग बुडणाऱ्याच्या तोंडावर दार लावायचं, हे कुठल्या सूत्रात आहे?

उद्धटपणा झाला असेल तर पुढच्या जन्मी माफ कर. या जन्मी कुलूप काढ.

दिलुक


१२ ऑक्टोबर, सकाळचा चहा घेऊन

अय्या,

लिहिलं. जीभ अजून जागेवर आहे.

तुझं पाकीट काल मिळालं. त्याच्याबद्दल शेवटी लिहितो, आधी तुला तुझ्याच विहारातलं सांगतो. तू तिथे होतास, पण तुझ्या पाठीमागे काय चाललं होतं ते तुला कसं कळणार? अम्माने सांगताना फोन इतका जोरात धरला होता की तिचा श्वासच जास्त ऐकू येत होता.

सातव्या दिवशी अम्मा विहारात आली, पण आत नाही आली, बोधिवृक्षाच्या कट्ट्यामागे उभी राहिली, फळांचं ताट पदराखाली झाकून. म्हणे, असंच, आणलं होतं. देवदूत कोण, तर सोमपाल मामांचा जावई. गावातली पोरं सगळी क्लासला, म्हणून बसवरचा तो मिशीवाला कंडक्टर मुकुट घालून उभा. मल्लिकाअक्का म्हणाली, "देव विचारतील, तिकीट किती?"

मिरवणूक अंगण ओलांडून देवळापाशी आली आणि थांबली. दाराला कुलूप. जावई आमंत्रण हातात घेऊन कुलपाकडे बघतोय, लोक त्याच्याकडे बघतायत. ढोलवाले थांबेनात, थांबलं तर अपशकुन, म्हणून जागच्या जागी वाजवत राहिले. अम्मा म्हणते, वाजवून वाजवून त्यांचे हात भरून आले. सोमपाल मामा मोठ्याने म्हणाले, "आमंत्रण आलंय. पाहुणा आतून येतोच म्हणतोय. पण कडी बाहेरून आहे."

मग तू मंडपातून उठलास. बाकीच्या भिक्षूंनी सूत्र तुटू दिलं नाही. तू अंगण ओलांडलंस, कुणाकडे पाहिलं नाहीस. किल्ली तुझ्या कमरेच्या पट्ट्यात होती. अम्माला तेच लागलं. "इतके महिने अंगावर बाळगत होता," ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडे दिली नाही." तू दार उघडलंस. तू नमस्कार केला नाहीस, भिक्षूने देवाला करायचा नसतो. पडद्यापुढे उभा राहून म्हणालास, "चला. धम्म ऐकायला बसा. खाली, सगळ्यांबरोबर, चटईवर."

अम्माने हे वाक्य मला पुन्हा पुन्हा सांगितलं. प्रत्येक वेळी चटईवर म्हणताना हसायची. "माझ्या पोटचं पोर," म्हणाली, "देवाला बसायला सांगतं."

मग तू आणखी पुढे गेलास. मंडपातल्या भिक्षूंच्या हातातून जो दोरा लोकांकडे येतो, तो तू लांबवून अंगणातून देवळाच्या उंबऱ्यापर्यंत नेलास. आणि अम्मा तोवर कट्ट्यामागून येऊन उंबऱ्याशी बसली होती, तेव्हा दोरा तिच्या हातातून पुढे गेला. तू संघात गेल्यापासून तिने तुला हात लावलेला नाही. आईनेही भिक्षूला लावता येत नाही. ती म्हणाली, "त्याने तिकडे बोट हलवलं की इकडे मला कळायचं."   दोघांनी फोन तसाच चालू ठेवला.

नाणं सोडवलं. फळांचं ताट झालं. दुसऱ्या दिवशी दानाचं ताट तिने मल्लिकाअक्काला दिलं नाही, स्वतः घेऊन आली, हे तर तुला ठाऊक आहे. तू कढीपत्त्याची चटणी दोनदा घेतलीस तेही मला कळलंय. भिक्षूने चव धरू नये म्हणतात.

आणि शेवटी मला म्हणाली, "जा आता बोटीवर. शपथ सुटली."

मी हो म्हटलं. पण पाय गारच होते, अय्या. मला वाटलं होतं नाणं सुटलं की भीतीही सुटेल. ती सुटली नाही. मग काल तुझं पाकीट आलं. आत पिरितच्या दोऱ्याचा एक तुकडा आणि कार्डावर अर्धी ओळ. "जॅकेट घाल." खाली धम्मरक्खित नाही, गावाचं नाव नाही. नुसतं, अय्या.

मी ते कार्ड पासांगला दाखवलं. त्याला आपली लिपी येत नाही. म्हणाला, "मोठा मंत्र आहे का?" मी म्हटलं, हो, फार जुना.

आज पहाटे उजाडता उजाडता धक्क्यावर उभा होतो. दोरा आपला आपल्याला बांधता येत नाही. पासांग डिझेल भरत होता, हात तेलाने काळे. म्हणून मालकांपुढे मनगट केलं. ते म्हणाले, "हे कुणाचं? बुद्धाचं की वाघवाल्याचं?"

"माझ्या भावाचं."

त्यांनी चष्मा वर केला, दोरा फिरवला आणि कोळ्यांची गाठ मारली, जी ओली झाली की घट्ट होते. मग मला जॅकेटचे बंद आवळताना बघून आधी स्वतःचं जॅकेट घातलं, मग पासांगला ओरडून घालायला लावलं. त्या बोटीवर हे पहिल्यांदाच झालं.

चहा संपला. इंजिन चालू झालंय, मला हाका मारतायत. समुद्र आज घासलेल्या ताटासारखा आहे. पत्र बंदरावरच्या पेटीत टाकून बोटीवर चढतो.

तुझा मल्ली,
दिलुक